नाव न ठेवलेले ग्रह

'तुमच्या एका ग्रहावर बंड झालं आहे' असा निरोप पडद्यावर आला, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो बंडाचा नव्हता. हा ग्रह माझा कधी झाला, हा होता.

स्टेलारिस हा संगणकावर अवकाशात साम्राज्य उभं करायचा खेळ मी गेली काही वर्षं खेळतो. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीनं तो २०१६ साली बाजारात आणला. इसवी सन २२०० च्या १ जानेवारीला तुमच्या हाती एक ग्रह येतो. सोबत एक बांधकामाचं जहाज, एक शोधमोहिमेचं जहाज आणि तीन किरकोळ लढाऊ नौका. पुढची दोनतीनशे वर्षं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. मी दर वेळी पहिल्या ग्रहाचं नाव बदलून ठाण्यातल्या माझ्या वस्तीचं, 'नौपाडा', ठेवतो, रोमन अक्षरांत. दुसरा चरई, तिसरा पाचपाखाडी, मग उथळसर, राबोडी, खोपट. जंगलाचा मिळाला तर येऊर, पाण्याचा मिळाला तर तलावपाळी. दहाबारा ग्रहांपर्यंत हे नीट चालतं. त्या रात्रीच्या डावात मी शेजाऱ्याशी युद्ध जिंकलो होतो आणि एका तहात आठ ग्रह एकदम पदरात पडले होते. त्यांना त्यांची जुनी नावं होती, ती मी वाचलीही नव्हती. कारभार खेळाच्या संगणकावर सोपवून मी पुढच्या शेजाऱ्याकडे वळलो होतो. बंड झालं ते या आठांपैकी एकावर. ग्रह शोधायलाच मला दोन मिनिटं लागली.

या जातीच्या खेळांना एक नाव आहे, 'फोर एक्स'. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' हा खेळ यायच्या सुमारास अ‍ॅलन एमरिच या समीक्षकानं 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात त्याची ओळख करून देताना चार एक्स एका ओळीत मांडले. एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट. आपल्या भाषेत सांगायचं तर हुडका, पसरा, ओरबाडा, संपवा. चार क्रियापदांत 'थांबा' नाही हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तरी हे खेळ खेळणाऱ्यांत पहिल्या दिवसापासून दोन तट आहेत. एक पसरणाऱ्यांचा, दुसरा घर धरून बसणाऱ्यांचा. चाळीस ग्रह अर्धेकच्चे ठेवायचे की चार ग्रह घासूनपुसून लखलखीत करायचे, यावर मी माणसांना हमरीतुमरीवर येताना पाहिलं आहे. मी स्वतः दोन्हीकडून भांडलो आहे.

पहिल्यांदा भांडलो तो १९९६ साली, वाशीत. कॉलेजातल्या एका मित्राकडे संगणक होता आणि त्यावर मास्टर ऑफ ओरायन होता. तो विकत घेतलेला होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. फ्लॉपींची चळत कुणाकडून तरी आली होती आणि पुढे कुणाकडे तरी गेली. ठाण्याहून वाशीला तेव्हा लोकल नव्हती. ट्रान्स हार्बर सुरू झाली २००४ मध्ये. शनिवारी दुपारी स्टेशनजवळून बस धरायची, कळव्याचा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. दोन्ही बाजूंना केमिकलचे कारखाने. मधल्या एका टप्प्यावर सगळी बस न सांगता नाकाला रुमाल लावायची. तो वास गेला की घणसोली, कोपरखैरणे, आणि मग एकदम रुंद रस्ते. नौपाड्यात दोन खोल्यांत वाढलेल्या मला वाशी म्हणजे परग्रहच वाटायचा. लोक कमी, आकाश जास्त.

त्या खेळात दहा जाती होत्या. मी सायलॉन घ्यायचो. मोठ्या डोक्याचे, संशोधनात सगळ्यांच्या पुढे. माझं धोरण मध्यमवर्गीय होतं. घर सोडायचं नाही, अभ्यास करायचा. चार ग्रह घेतले आणि थांबलो. माझी शस्त्रं सगळ्यांपेक्षा चांगली, माझी जहाजं वेगवान, माझे कारखाने स्वच्छ. कुणी माझ्यावर चालून आलं नाही. मी खुशीत होतो. आणि एके दिवशी आकाशगंगेची परिषद भरली. या खेळात बरेचसे ग्रह वसले की परिषद भरते, लोकसंख्येच्या प्रमाणात मतं पडतात आणि दोनतृतीयांश मतं मिळवणारा सम्राट होतो. साक्रा नावाची सरड्यांची जात आहे, तिचा गुण एकच. भराभर वाढणं. ते सम्राट झाले. माझ्यावर एक गोळी न झाडता मी हरलो होतो.

"तू अभ्यास करत बसलास," मित्र म्हणाला, "तोवर त्यांनी लग्नं केली."

त्याच्या आईनं आतून विचारलं, "कुणाची लग्नं रे?"

मग त्यानं मला तो खेळ खरा शिकवला. त्यातलं एक गणित माझ्या डोक्यात कायमचं बसलं. ग्रह साधारण अर्धा भरलेला असताना तिथली लोकसंख्या सगळ्यात वेगानं वाढते आणि भरत आला की वाढ मंदावते. म्हणून शहाणा खेळाडू भरलेल्या ग्रहावरची माणसं उचलून नव्या ग्रहावर पाठवतो. मागे जागा झाल्यामुळे घर पुन्हा वाढायला लागतं आणि पुढे नवा ग्रह उभा राहतो. मात्र ती माणसं घरातूनच जातात. जहाज बांधायला पैसे लागतात ते वेगळेच, पण घरून पाठवलेला प्रत्येक जण आधी तुमच्या कारखान्यात काम करत होता. नव्या ग्रहाचं खातं बरीच वर्षं तोट्यात असतं आणि तो तोटा जुना ग्रह भरतो.

आम्ही जिथे बसून हे खेळत होतो ती जागाही याच गणितातून निघाली होती, हे मला पुष्कळ पुढे कळलं. मुंबई भरली, आता खाडीपलीकडे दुसरं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. नकाशावर सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा आखली गेली, तिच्यात नोड म्हणजे छोटी उपनगरं पाडली गेली, नोडचे सेक्टर झाले. एकेक नोड स्वतःपुरता पुरा आणि रेल्वेनं दुसऱ्याला जोडलेला. स्टेलारिसमध्ये ताऱ्याताऱ्यांना जोडणाऱ्या हायपरलेनच्या निळ्या रेघा मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला नेरूळ, जुईनगर, सानपाडा दिसलं. आणि गंमत म्हणजे त्या खेळातही ग्रहांचे गट करून कारभाऱ्याकडे सोपवायची सोय आहे, आणि त्या गटाला म्हणतात सेक्टर.

आमच्या टोळक्यात तिसरा एक होता, घणसोली गावातला. सेक्टरातला नव्हे, गावातला. आगरी. त्याला खेळात रस नव्हता, मित्राच्या आईच्या हातच्या कोथिंबीरवडीत होता. तो मागे पलंगावर लोळत पडद्याकडे बघायचा. एकदा मी नव्या ग्रहावर जहाज उतरवलं आणि ओरडलो, "रिकामा होता, घेतला."

"रिकामा हाय हे कुनी सांगितलं?" तो म्हणाला.

"लिहिलंय ना इथे. नो कॉलनी."

"आमच्या जागेवर पन तसंच लिव्हलं आसंल," तो म्हणाला आणि वडी खात राहिला.

नवी मुंबईच्या त्या नकाशात ९५ गावं होती. शेतं, मिठागरं, खाडीतली मासेमारी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमचा तो मित्र तेव्हा आठनऊ वर्षांचा असणार. त्यानं हे सगळं आम्हाला कधी व्याख्यान दिल्यासारखं सांगितलं नाही. एकच करायचा. पत्ता सांगताना तो सेक्टरचा नंबर कधी घ्यायचा नाही. अमक्याच्या वडाजवळ, तमक्याच्या खाचरापाशी, जुन्या बांधावर. तिथे आता वड नसायचा, खाचर नसायचं, तीन मजली इमारत असायची. आम्ही हसायचो. "अरे नंबर सांग ना!" नंबर त्याला माहीत असायचा. सांगायचा नाही.

मास्टर ऑफ ओरायनच्या त्या पहिल्या खेळात रिकाम्या ग्रहावर खरंच कुणी नसायचं, तेव्हा आमचं साम्राज्य निर्मळ होतं. पुढचे खेळ शहाणे होत गेले. स्टेलारिसमध्ये शोधाशोध करताना असे ग्रह सापडतात जिथले लोक अजून अवकाशात पोचलेले नाहीत. त्यांच्यावर नुसती नजर ठेवता येते, त्यांना हात देता येतो किंवा सैन्य उतरवता येतं. मी सैन्य कधी उतरवत नाही. हा माझा मोठेपणा नाही, मागे कुणीतरी वडी खात बसलंय असं वाटतं म्हणून.

आता मूळ भांडणाकडे. पसरणाऱ्याला आवर कसा घालायचा हा या खेळांच्या कर्त्यांचा जुना त्रास आहे. पसरणं नुसतं फायद्याचंच ठेवलं तर डाव पहिल्या तासातच ठरतो. ज्याला जास्त जागा, तो जास्त कमावणार आणि त्या कमाईतून आणखी जागा घेणार. म्हणून स्टेलारिसमध्ये साम्राज्याचा आकार एका मर्यादेपुढे गेला की प्रत्येक नवं संशोधन महाग होत जातं. शिवाय नवी चौकी उभारायला पैशाबरोबर 'इन्फ्लुअन्स' लागतो. त्याला आपल्याकडे वजन म्हणतात आणि ते थेंबाथेंबानंच साठतं. जितकी लांब चौकी तितकं जास्त वजन खर्ची. या सगळ्या नियमांची नावं आणि आकडे खेळाच्या प्रत्येक आवृत्तीत बदलत आले आहेत. आणि तरीही, खरं सांगायचं तर, बहुतेक वेळा पसरणाराच पुढे जातो. दंड बसतो, पण चाळीस ग्रहांची कमाई दंड भरून उरते.

मला हा दंड नेहमी खोटा वाटायचा. माझ्याकडे ग्रह जास्त आहेत म्हणून माझ्या शास्त्रज्ञांना गणित अवघड का जावं? हिशेबनीस बसवल्यासारखा नियम. आता तसा वाटत नाही. कर्त्यांना जे मोजता आलं नाही त्याच्या जागी त्यांनी हा आकडा ठेवलाय असं वाटतं. ते मोजता न येणारं म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाचं लक्ष. ते काही ग्रहांबरोबर वाढत नाही. पाच ग्रह असताना मला माहीत असतं की उथळसरला धान्य कमी पडतंय आणि चरईला घरं. तीस झाले की मला फक्त बेरीज दिसते. महिन्याला अमुक धान्य अधिक, तमुक खनिज उणे. बेरीज चांगली असते आणि आत कुठेतरी एक ग्रह जळत असतो.

शाळेतला इतिहास आठवून पाहिला तर हे भांडण आपल्याकडे दरबारात झालेलं आहे. शाहू महाराजांसमोर एका बाजूला श्रीपतराव प्रतिनिधी, आधी जवळचं सावरा म्हणणारे. दुसऱ्या बाजूला विशीतला बाजीराव, उत्तरेकडे चला म्हणणारा. खोडावर घाव घातला की फांद्या आपोआप पडतील हे त्याचं वाक्य म्हणून सांगतात. तो तसा म्हणाला असो वा नसो, आपण सगळे शाळेत बाजीरावाच्या बाजूनं होतो. प्रतिनिधींच्या बाजूनं टाळी वाजवणारं पोर मी पाहिलेलं नाही. पण मला त्याहून जिंजीची गोष्ट जास्त छळते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये इतक्या दूर दक्षिणेत जाऊन तो किल्ला घेतला. घरापासून इतका लांबचा किल्ला, स्टेलारिसच्या हिशेबात तर निव्वळ वजनाची नासाडी. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, रायगड पडला, आणि राजाराम महाराजांना पाय टेकायला जागा उरली ती जिंजी. जवळजवळ आठ वर्षं ती लढत राहिली. म्हणजे लांबची चौकी ओझं आहे की आधार, हे ती घेतल्यादिवशी कळत नाही. घर पडेल त्या दिवशी कळतं. माझ्या 'घर धरून बसा' या मताला तेवढं एक भोक कायम आहे आणि मी ते बुजवलेलं नाही.

माझं ते मत बनलं त्याचं कारण मात्र इतिहास नाही. पोळ्या आहेत.

वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा आईनं घरून पोळ्या द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला शेजारच्या बिऱ्हाडात वीस, मग पन्नास. पुढे नौपाड्यातच एक छोटा गाळा घेतला आणि पोळीभाजी केंद्र सुरू झालं. माझं शिक्षण त्या तव्यावर झालं आहे. आज तिथे सहा बायका काम करतात आणि सकाळी सातला पहिला डबा बाहेर पडतो. आई पहाटे साडेचारला उठते. कणीक भिजवण्याचं काम तिनं अजून कुणाला दिलेलं नाही. गहू लोकवन, गिरणीवाला तीस वर्षांचा ठरलेला. पिठाला हात लावूनच तिला कळतं की आज दळण गरम निघालंय.

आणि तिला माणसं पाठ. चरईतल्या आजोबांची भाजी मिठाशिवाय. राम मारुती रोडवरच्या बाईंना पोळी कडक चालत नाही, कारण दात नवे आहेत. एक मुलगा रोज चार पोळ्या न्यायचा, एके दिवशी दोनच मागितल्या. आईनं विचारलं, "आई गावी गेली का रे?" तो म्हणाला, बाबा वारले, आई गावालाच राहणार आहे. त्या दिवशी तिनं पैसे घेतले नाहीत. हे ती कुठे लिहून ठेवत नाही. उधारीची वही आहे, पण तीसुद्धा ती क्वचितच उघडते.

मी ऐरोलीत आयटीत. माझ्यासारख्या माणसाला चालतं दुकान बघवत नाही. ते वाढलं पाहिजे असं वाटतं. घोडबंदर रोडला टॉवर उठत होते, प्रत्येक टॉवरमध्ये नवराबायको दोघं नोकरीवर, स्वयंपाकाला वेळ नाही. नौपाड्यातली गिऱ्हाइकं म्हातारी होत चालली होती. मी एका कागदावर सगळा हिशेब मांडला. अर्धा भरलेला ग्रह सगळ्यात वेगानं वाढतो. घोडबंदर अर्धा भरलेला होता.

आई कागद बघून म्हणाली, "बरं."

२०१८ च्या पाडव्याला कासारवडवलीच्या अलीकडे गाळा उघडला. डिपॉझिट माझं, भांडी नवी, फलक झकास. तीन महिने बरे गेले. मग तक्रार यायला लागली की पोळी दुपारी वातड होते. आई म्हणाली, मी जाऊन बघते. सकाळी नौपाड्याची कणीक भिजवून ती निघायची. कापूरबावडीला अडकायची, मानपाड्याला अडकायची. वर्षाच्या शेवटी मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्त्यात उभे राहिले, मग अडकण्याला धरबंध राहिला नाही. ती तिथे पोचेपर्यंत इथली दुपार निघून जायची. इथे तिच्या मागे एका नव्या मुलीनं चरईतल्या आजोबांना मिठाची भाजी दिली. आजोबा काही बोलले नाहीत, चार दिवस आलेच नाहीत. आई त्यांच्या घरी जाऊन आली.

तिकडची गिऱ्हाइकं वाईट नव्हती. पण ती दिसायचीच नाहीत. ऑर्डर फोनवर, डबा वॉचमनकडे, नाव म्हणजे बी विंग चौदाशे दोन. आई दीड वर्षात त्यांच्यातल्या एकाचंही तोंड पाहू शकली नाही. "चौदाशे दोनला तिखट चालत नाही वाटतं," असं ती म्हणायची. 'वाटतं' हा शब्द नौपाड्यात तिच्या तोंडी कधी नव्हता.

२०१९ च्या दिवाळीनंतर गाळा बंद केला. डिपॉझिटातले बरेचसे पैसे परत मिळाले, भांडी विकली, फलक अजून आमच्या पोटमाळ्यावर आहे. मी बरेच दिवस तिच्यासमोर तो विषय काढला नाही. एकदा ती शेंगा सोलत बसली होती तेव्हा म्हटलं, "माझंच चुकलं. शाखा काढायलाच नको होती."

"शाखा काढायला काय झालंय?" ती म्हणाली. "तू मला तिकडे पाठवलंस ना, ते चुकलं. मी गेले म्हणून इथलं गेलं. आणि मी पुरी गेलेच नाही म्हणून तिथलं झालं नाही."

मास्टर ऑफ ओरायनच्या त्या जहाजांतली माणसं मला आठवली. हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर मी वर्षभर तरी हट्टानं 'घर धरून' खेळत होतो. पाचच ग्रह, सहावा फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. आधी वाटलं हे सोपं असेल. नाही. पाचच असले की प्रत्येकाचं प्रत्येक घर, प्रत्येक नोकरी स्वतः बघावी लागते. कारभाऱ्यावर सोडलं तर मग थोडके असण्याचा उपयोग काय? सीमेवर दोनच वाटा आत येतात, तिथे तटबंदी करावी लागते, आणि त्या दोन वाटांपलीकडच्या शेजाऱ्यांशी जन्माचं सख्य ठेवावं लागतं. पसरणाऱ्याला शेजारी नाराज असला तरी चालतो, तो शेजाऱ्याला गिळतो. घर धरून बसणाऱ्याला शेजाऱ्याच्या घरातलं दुखणंखुपणंही माहीत हवं. शेवटच्या टप्प्यात या खेळात आकाशगंगेवर एक मोठं संकट येतं. त्या डावात ते माझ्या घराच्या उलट टोकाला उतरलं आणि मधले तीन शेजारी माझ्यासाठी लढले. जिंकलो असं म्हणता येणार नाही. उरलो. कंटाळा मात्र अजिबात आला नाही, आणि मोठ्या साम्राज्यात मला हमखास कंटाळा येतो.

पण हट्ट तो हट्टच. गेल्या महिन्यात पुन्हा मोह झाला, पसरलो, आठ ग्रह एका तहात घेतले, आणि दीड वाजता बंडाचा निरोप आला.

दरम्यान घरी एक गोष्ट झाली होती. आमच्याकडे चौदा वर्षं पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत, कळव्याहून यायच्या. गुडघे दुखतात, स्टेशनचा जिना चढवत नाही. त्यांनी कळव्यात घराजवळच केंद्र काढायचं ठरवलं. मला वाटलं आई नाराज होईल. निम्मं कौशल्य घेऊन बाई चालली. आईनं गिरणीवाल्याला फोन करून त्यांचं दळण ठरवून दिलं, आमची जुनी मोठी परात दिली, आणि पहिले आठ दिवस सकाळी स्वतः जाऊन बसली. माझ्यातला कागदवाला जागा झाला. "मग आपलंच नाव लावू या का? आपली कळवा शाखा?"

"त्यांचं आहे ते," आई म्हणाली. "त्यांच्या गिऱ्हाइकांची नावं मला कशाला पाठ करायला लावतोस?"

आता मोठी ऑर्डर आली की निम्म्या पोळ्या कळव्याहून येतात. त्यांच्याकडे बाई आजारी पडली की आमच्याकडची जाते. पैसे कधी त्या देतात, कधी आई. हिशेब मला समजत नाही आणि कुणी मला विचारतही नाही.

तर त्या रात्री मी सैन्याची जहाजं बंडाकडे वळवली होती. पोचायला सात महिने लागणार होते, खेळातले. मी खेळ थांबवला आणि त्या आठ ग्रहांची नावं पहिल्यांदा वाचली. मग एकेकाच्या आत गेलो. बंडाच्या ग्रहावर अर्ध्या लोकांना काम नव्हतं आणि माझ्या कारभाऱ्यानं तिथे खाणींमागून खाणी खोदल्या होत्या. शेजारच्या एकावर अन्न उतू जात होतं. दोघांच्या मध्ये एक उडी. वीस मिनिटांत मिटणारी गोष्ट. ती मिटवली. हे मी सहा वर्षांपूर्वीही करू शकलो असतो, खेळातल्या.

स्टेलारिसमध्ये आख्खा सेक्टर सोडून देता येतो. तो वेगळं राज्य होतो, तुमचा मांडलिक म्हणून राहतो, त्याचा कारभार तो बघतो. तुमच्या ग्रहांची संख्या एकदम आठनं घटते. पसरणारे खेळाडू याला भित्रेपणा म्हणतात आणि आकड्यांनी पाहिलं तर त्यांचं फार चूक नाही. मी त्या पानावर बराच वेळ थांबलो. बटणावर बाण नेला, परत आणला. बंड शमलं होतं, म्हणजे आता ठेवायलाही हरकत नव्हती. आठ ग्रहांची कमाई डोळ्यांसमोर होती आणि मी तो कागदवालाच आहे, काही बदललेलो नाही.

स्वयंपाकघरात दिवा लागला. साडेचार झाले होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आई पदराला हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघायला लागली. ताऱ्यांच्या मध्ये माझा रंग सांडल्यासारखा पसरला होता.

"हे सगळं तुझं?"

"हो."

"किती माणसं आहेत यात?"

मी वरचा आकडा सांगितला.

"बापरे," ती म्हणाली. "एवढ्यांच्या पोळ्या कोण करतं?" आणि परातीत पीठ घ्यायला आत गेली.

मी खेळ साठवून ठेवला. सेक्टर सोडलेला नाही अजून. आठांपैकी तिघांना नावं ठेवून झाली आहेत: विटावा, खारेगाव, आणि ज्यावर बंड झालं तो घणसोली.